प्रवासातून साकारलेली चित्रमाला : डॅनियल काका-पुतण्यांचे कार्य आणि महाराष्ट्राचा वाटा

(व्याख्यानाची संहिता)



अठराव्या शतकातील भारताविषयीचा एखादा सचित्र ग्रंथ उघडला, तर त्यात काही चित्रे हमखास दृष्टीस पडतात. गंगेच्या काठावरील घाट, वटवृक्षाखालचे देवालय, डोंगरमाथ्यावरील किल्ला, लेण्याच्या तोंडाशी उभी असलेली दोन-चार माणसे. रंग सौम्य, रेषा नेमकी आणि आकाश विस्तीर्ण. त्यांपैकी पुष्कळ चित्रांखाली थॉमस डॅनियल आणि विल्यम डॅनियल ही नावे असतात. हे दोघे नात्याने काका-पुतणे होते. १७८६ च्या आरंभापासून १७९३ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे सात वर्षांहून थोडा अधिक काळ, ते भारतात राहिले. स्वदेशी परतल्यानंतर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १४४ मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. प्रत्येकी चोवीस चित्रे, असे त्यांचे सहा भाग होते.

या आकड्यांतच एक बोध दडलेला आहे. पाहण्यासाठी सात वर्षे लागली आणि पाहिलेले छापून लोकांपुढे ठेवण्यासाठी त्याच्या जवळजवळ दुप्पट वर्षे लागली. प्रवासात जे अचूक टिपले गेले, तेवढेच पुढे छापता आले. जे टिपावयाचे राहिले, ते कायमचे राहिले. ही चित्रमाला कशी घडली, तिच्यामागे कोणाकोणाचे हात होते आणि त्या हातांपैकी एक मराठी हात विस्मृतीत कसा गेला, हे पाहिल्यास आपल्या परिसरातील वारशाची नोंद कशी ठेवावी, याचेही काही मार्गदर्शन मिळू शकेल.

छायाचित्रापूर्वीचा काळ

छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. तत्पूर्वी दूरच्या प्रदेशाचे दर्शन घडविण्याचे दोनच मार्ग होते: शब्द आणि चित्र. तैलचित्र एकच निघते आणि ते विकत घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसते. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या ठशाचे मात्र तसे नाही. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात व त्या अनेक गावी पोहोचू शकतात.

अशा ठशांत जलरंगासारखी मऊ छटा आणण्याची ‘अ‍ॅक्वाटिंट’ नावाची पद्धत फ्रान्समध्ये १७६८ च्या सुमारास जाँ-बाप्तिस्त ल प्रँस या चित्रकाराने विकसित केली. तो स्वतः काही वर्षे रशियात राहून आलेला होता आणि तेथील लोकजीवनाची चित्रे त्याने ठशांच्या रूपाने प्रसिद्ध केली होती. इंग्लंडमध्ये पॉल सँडबी यांनी १७७५ मध्ये दक्षिण वेल्समधील प्रवासाची बारा चित्रे याच पद्धतीने छापली. प्रवास आणि अ‍ॅक्वाटिंट यांचे नाते असे प्रारंभापासूनच जुळलेले होते.

भारताच्या बाबतीत या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले विल्यम हॉजेस यांनी. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सागरी सफरीत चित्रकार म्हणून गेलेले हॉजेस १७८० ते १७८३ या काळात भारतात होते. त्यांची ४८ अ‍ॅक्वाटिंट चित्रे १७८५ ते १७८८ या वर्षांत प्रसिद्ध झाली. डॅनियल काका-पुतण्यांनी पुढे आपल्या प्रवासात हॉजेस यांचे ठसे जवळ बाळगले आणि प्रत्यक्ष स्थळी उभे राहून ते ताडून पाहिले. अनेक ठिकाणी त्यांना प्रमाणांत आणि तपशिलांत चुका आढळल्या. आपले काम अधिक काटेकोर असले पाहिजे, ही त्यांची ईर्षा या तुलनेमुळे बळावली असावी.

कलकत्त्यातील उमेदवारी

थॉमस डॅनियल यांचा जन्म १७४९ चा. वडील खानावळ व उतारशाळा चालवीत. थॉमस यांनी आधी घोडागाड्या रंगविणाऱ्या कारागिराच्या हाताखाली काम केले आणि नंतर लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीच्या विद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले. पुतण्या विल्यम याचा जन्म १७६९ चा. वडिलांच्या मृत्यूनंतर त्याचा सांभाळ काकांनीच केला. १७८४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून थॉमस यांना भारतात जाण्याची परवानगी मिळाली ती खोदकाम करणारा कारागीर म्हणून, आणि पुतण्याला मिळाली ती त्यांचा सहायक म्हणून. १७८५ च्या एप्रिलमध्ये दोघे निघाले, तेव्हा विल्यमचे वय अवघे सोळा वर्षांच्या आसपास होते. चीनमार्गे प्रवास करून ते १७८६ च्या आरंभी कलकत्त्यास पोहोचले.

तेथे त्यांनी हाती घेतलेले पहिले काम म्हणजे कलकत्ता शहराच्या बारा दृश्यांची मालिका. ती १७८६ ते १७८८ या काळात पूर्ण झाली. पत्रा तयार करणे, कोरणे, आम्लाने खाणे, छापणे आणि रंगविणे ही सर्व कामे एकाच ठिकाणी, अपुऱ्या साधनांनिशी करावी लागली. चित्रकार, खोदकाम करणारा, तांबट आणि छापखान्यातील मजूर या सर्वांच्या भूमिका आपल्यालाच वठवाव्या लागल्या, अशा आशयाची तक्रार थॉमस यांनी एका चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात केली आहे. असे असले तरी या कामात स्थानिक कारागिरांचे साहाय्य त्यांना घ्यावे लागलेच. ही बारा चित्रे पुढील मोठ्या मालिकेच्या तुलनेने ओबडधोबड आहेत. परंतु छपाईतील अडचणींची पुरती ओळख त्यांना येथेच झाली आणि ती पुढे उपयोगी पडली.

तीन प्रवास

त्यानंतरच्या पाच वर्षांत या दोघांनी तीन मोठे प्रवास केले. १७८८ च्या उत्तरार्धात ते कलकत्त्याहून गंगेच्या मार्गाने वायव्येकडे निघाले. काशी, लखनौ, आग्रा, मथुरा, दिल्ली असे करीत ते १७८९ मध्ये हिमालयातील गढवालच्या श्रीनगरपर्यंत गेले. युरोपीय चित्रकारांना तोवर हा प्रदेश जवळपास अपरिचित होता. तेथे राजघराण्यात भाऊबंदकीचे युद्ध पेटल्यामुळे त्यांना मुक्काम लवकर आटोपता घ्यावा लागला. तथापि अलकनंदेवरील दोरांच्या पुलाचे त्यांनी टिपलेले दृश्य पुढे मालिकेत समाविष्ट झाले. परतीच्या वाटेवर भागलपूर येथे त्यांनी दीर्घ मुक्काम केला आणि १७९१ च्या अखेरीस ते कलकत्त्यास परत आले.

दुसरा प्रवास दक्षिणेचा. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी कलकत्त्यात आपली चित्रे सोडतीने विकून उभा केला. १७९२ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणचा तह होऊन तिसरे म्हैसूर युद्ध संपले होते. त्यामुळे मद्रासहून निघून डोंगरी किल्ल्यांचा प्रदेश, मदुराई, रामेश्वर, तंजावर आणि महाबलीपुरम् असा मोठा पल्ला त्यांना गाठता आला.

तिसरा प्रवास पश्चिमेचा होता. तो कालावधीने सर्वांत लहान असला, तरी महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १७९३ च्या मार्चमध्ये दोघे मुंबईत आले. तेथे त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी आणि कार्ले येथील लेणी त्यांनी पाहिली. मे महिन्यात ते मायदेशी जाण्यास निघाले आणि १७९४ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला पोहोचले.

स्थळावरील नोंदीची शिस्त

प्रवासात चित्रे काढण्याची त्यांची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्याजवळ ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ नावाचे उपकरण असे. त्याचा शब्दशः अर्थ अंधारी खोली. एका बंद पेटीला भिंग बसविलेले असते. समोरच्या दृश्याची प्रतिमा भिंगातून आत येते आणि आरशाच्या साहाय्याने कागदावर पडते. चित्रकार त्या प्रतिमेवरून पेन्सिलीने बाह्यरेषा उमटवून घेतो. इमारतीच्या खांबांची संख्या, कमानींचे प्रमाण, शिखराची उंची यांत यामुळे चूक होण्याचा संभव कमी होतो. बाह्यरेषा घेतल्यानंतर जलरंगाचे पातळ हात देऊन छाया-प्रकाशाची नोंद करून ठेवावयाची, असा त्यांचा परिपाठ होता.

विल्यम यांनी या काळात रोजनिशीही ठेवली. कोणत्या दिवशी कोठे मुक्काम झाला, कोणते दृश्य कोणत्या बाजूने घेतले, वाट कशी होती, हे तीत नमूद आहे. या रोजनिशीला साहित्य म्हणून फारसे मोल नसेल. परंतु चित्र कोठे व केव्हा काढले याची खात्रीलायक नोंद तीमुळेच उपलब्ध झाली. चित्रकाराने चित्र काढावे आणि त्यासोबत तारीख व स्थळ लिहून ठेवावे, ही साधी शिस्त किती मोलाची ठरते, याचा हा उत्तम दाखला होय.

तांब्याचा पत्रा आणि राळेची पूड

इंग्लंडला परतल्यानंतर खरे परिश्रम सुरू झाले. शेकडो रेखाटनांतून निवड करावयाची आणि प्रत्येक निवडलेल्या दृश्यासाठी तांब्याचा मोठा पत्रा तयार करावयाचा. अ‍ॅक्वाटिंटची पद्धत थोडक्यात अशी आहे.

तांब्याचा पत्रा प्रथम आरशासारखा गुळगुळीत घासून घेतात. त्यावर मेणाचा पातळ लेप देऊन त्या लेपावर टोकदार सुईने चित्राच्या रेषा काढतात. सुई जेथून फिरते, तेथे तांबे उघडे पडते. मग पत्रा सौम्य केलेल्या नत्राम्लात ठेवतात. आम्ल उघड्या तांब्याला खाते आणि रेषा पत्र्यात खोल जाते. रेषांचे काम झाले की मेण काढून टाकतात.

यानंतर छटांचे काम येते. पत्र्यावर राळेची अत्यंत बारीक पूड पसरतात व पत्रा खालून तापवितात. राळेचे कण वितळून पत्र्याला चिकटतात. कणाकणांमध्ये सूक्ष्म मोकळी जागा राहते. पत्रा पुन्हा आम्लात सोडला की आम्ल फक्त त्या मोकळ्या जागांना खाते आणि पत्र्यावर बारीक खडबडीतपणा येतो. या खडबडीत भागात शाई धरून राहते व कागदावर करडी छटा उमटते. आम्लात पत्रा थोडा वेळ ठेवला, तर छटा फिकी येते. अधिक वेळ ठेवला, तर गडद येते. चित्रातील जो भाग पांढरा ठेवावयाचा, त्यावर आधीच वार्निश लावतात. एक छटा झाली की तेवढ्या भागावर वार्निश लावून पत्रा पुन्हा आम्लात सोडावयाचा. आकाश, दूरचे डोंगर, जवळची झाडी, दरवाजातील काळोख अशा क्रमाने एकेक छटा पक्की होत जाते. वेळेचा अंदाज चुकला, तर अनेक दिवसांचे काम वाया जाते. आम्लाने खाल्लेले तांबे सहजासहजी भरून येत नाही.

पत्रा तयार झाल्यावर त्यावर शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून रुळांच्या यंत्रातून दाबाखाली काढतात. कागदावर उमटलेली प्रतिमा पत्र्याच्या उलट असते. म्हणून मूळ रेखाटन पत्र्यावर उतरवितानाच डावे-उजवे बदलून घ्यावे लागते. ते राहिले, तर पूर्वेचा घाट पश्चिमेस जातो. शेवटी छापलेली प्रत हाताने जलरंगांत रंगवितात. एकेका प्रतीवर रंग देणारे कारागीर कोण होते, त्यांची नावे आज बहुतांशी ठाऊक नाहीत.

इंग्लंडला परतल्यानंतरची सात वर्षे आपण पहाटे सहापासून मध्यरात्रीपर्यंत काम करीत होतो, असे विल्यम यांनी सांगितल्याची नोंद तत्कालीन चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांच्या रोजनिशीत आहे. या सहा भागांच्या संपूर्ण संचाची किंमत २१० पौंड होती. ती केवळ धनिकांना परवडणारी होती. पुढे १८१२ ते १८१६ या काळात लहान आकाराची आवृत्ती निघाली. ही दृश्ये फ्रान्समध्ये भिंतीच्या कागदांवर आणि इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या भांड्यांवरही उतरली. ग्लॉस्टरशायरमधील सेझिनकोट येथील भारतीय धर्तीचा वाडा उभारताना थॉमस यांचा सल्ला घेण्यात आला होता. ब्रायटनच्या राजप्रासादाच्या रचनेवरही या चित्रांचा प्रभाव पडला.

पुणे दरबार आणि गंगाराम तांबट

आता या कथेतील महाराष्ट्राच्या वाट्याकडे वळू. या चित्रमालेचा एक संपूर्ण भाग, म्हणजे चोवीस चित्रे, वेरूळच्या लेण्यांना वाहिलेला आहे. तो १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र ही चित्रे डॅनियल यांच्या स्वतःच्या रेखाटनांवरून केलेली नव्हती. ती जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून केलेली होती.

वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आले आणि पुढे पुण्यास गेले. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील असलेले चार्ल्स मॅलेट यांचा त्यांना आश्रय होता. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे वेल्स यांनी रंगविली. याच काळात मॅलेट यांच्याकडे गंगाराम चिंतामण तांबट नावाचा एक मराठी चित्रकार काम करीत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे १७९० मधील चित्र गंगाराम यांच्याच हातचे आहे. मॅलेट यांच्यासाठी त्यांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. शनिवारवाड्यात चित्रकलेचे शिक्षण देणारी एक शाळा वेल्स यांच्या देखरेखीखाली सुरू झाली, तीत गंगाराम यांचा सहभाग होता आणि लेण्यांच्या कामातही ते वेल्स यांचे साहाय्यक होते. पाश्चात्त्य पद्धतीचे यथादर्शन आणि देशी कलमाची रेषा या दोहोंचा मेळ त्यांच्या चित्रांत दिसतो. तांबट हे आडनाव तांब्याच्या कारागिरीशी नाते सांगणारे. आणि वेरूळची चित्रे अखेरीस छापली गेली तीही तांब्याच्याच पत्र्यावरून.

१७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वेल्सही निवर्तले. साष्टी बेटावरील लेण्यांचे काम त्यांच्या हातून अपुरे राहिले. चित्रशाळेचा आधारच नाहीसा झाला. मॅलेट १७९८ मध्ये इंग्लंडला परतले. १७९९ मध्ये त्यांनी वेल्स यांची कन्या सुझाना हिच्याशी विवाह केला. वेल्स यांची वेरूळची रेखाटने अशा रीतीने लंडनमध्ये थॉमस डॅनियल यांच्या हाती आली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वेल्स यांचे नाव आले, डॅनियल यांचे आले. गंगाराम यांचे आले नाही.

त्यांची अनेक चित्रे आज अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जतन केलेली आहेत. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी त्यांकडे लक्ष दिले, तेव्हा हे नाव पुन्हा उजेडात आले. ते उजेडात येऊ शकले, कारण मॅलेट यांच्या संग्रहात त्यांची चित्रे त्यांच्या नावानिशी राहिली होती. त्या शाळेत शिकलेल्या इतर विद्यार्थ्यांच्या नावांना हे भाग्य लाभले नाही.

चित्रांचे पुराव्याचे मोल आणि त्यांची मर्यादा

ही चित्रे आज पुरावा म्हणून वापरली जातात, याची दोन उदाहरणे पुरेशी होतील. दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या माथ्यावर पूर्वी एक घुमटी होती. १८०३ च्या भूकंपात ती कोसळली. नंतर इंग्रज अभियंत्यांनी बसविलेली नवी छत्री विसंगत ठरल्याने १८४८ मध्ये खाली उतरविण्यात आली. ती आजही मिनाराच्या आवारात पाहावयास मिळते. मूळ घुमटी कशी होती, हे जाणण्याचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे डॅनियल यांनी १७८९ च्या भेटीत टिपलेले दृश्य.

दुसरे उदाहरण पुण्याचे. शनिवारवाड्यातील गणपती रंगमहाल १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. १७९० मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहाचा दरबार या महालात भरल्याचे मोठे तैलचित्र थॉमस डॅनियल यांनी १८०५ मध्ये रंगविले. ते सध्या लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. थॉमस त्या दरबारास उपस्थित नव्हते. त्यांनी वेल्स यांच्या अभ्यासचित्रांच्या आधारे ते रंगविले. तरीही नाहीशा झालेल्या त्या महालाच्या अंतर्भागाची कल्पना येण्यास या चित्राचा आधार घ्यावा लागतो.

कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये डॅनियल यांच्या तैलचित्रांचा मोठा संग्रह आहे. अंतोनियो मार्तिनेली या इटालियन छायाचित्रकाराने १९९० च्या दशकात डॅनियल यांच्या मार्गाने फिरून, शक्य तेथे त्याच जागी उभे राहून छायाचित्रे घेतली. जुने ठसे आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवली असता पुष्कळ ठिकाणी रेषेस रेषा जुळते. कोठे काय पडले, कोठे काय नव्याने बांधले गेले, हेही त्यावरून स्पष्ट होते.

परंतु एवढ्यावरून ही चित्रे म्हणजे तत्कालीन भारताचे संपूर्ण सत्य होय, असे मानणे चुकीचे ठरेल. इमारत यंत्राच्या साहाय्याने अचूक घेतली जात असे. माणसे, जनावरे आणि झाडे यांची मांडणी मात्र चित्र सुंदर दिसावे म्हणून पुष्कळदा नंतर केली जात असे. १७९१-९२ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. मागील युद्धामुळे म्हैसूरच्या सीमेवरील मुलूख उजाड झाला होता. या दुःखाची कल्पना त्या शांत, स्वच्छ दृश्यांवरून येत नाही. चित्रकार परदेशी होते, त्यांचे ग्राहकही परदेशी होते. जे रम्य, भव्य आणि प्राचीन, तेच त्यांनी निवडले. पालखी वाहणारे, तंबू ठोकणारे, वाटाडे आणि दुभाषे यांच्याविना हा प्रवास एक कोसही पुढे सरकला नसता; परंतु चित्रांत ते आले ते केवळ प्रमाण दाखविणाऱ्या लहान आकृत्या म्हणून.

आपल्या परिसराची चित्रमाला

या इतिहासापासून आज आपण काय घ्यावे, असा प्रश्न येथे जमलेल्या शिक्षकांच्या आणि पंचायत सदस्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील गावोगावी वेशी आहेत, बारवा आहेत, वीरगळ आहेत, लाकडी कोरीव खांबांचे वाडे आहेत. रस्तारुंदीत वेस जाते, बारव गाळाने भरते, वाड्याचे खांब विकले जातात. प्रत्येक वास्तू वाचविणे शक्य होईलच असे नाही. पण तिची नोंद होणे निश्चितपणे शक्य आहे.

आज प्रत्येक हातात छायाचित्र घेण्याचे साधन आले आहे आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. तथापि चित्र काढताना जे पाहिले जाते, ते छायाचित्र घेताना पाहिले जातेच असे नाही. बारवेच्या पायऱ्या काढावयाच्या झाल्या, तर त्या मोजाव्या लागतात. वीरगळावरील आकृती उतरवावयाची झाली, तर तिच्या हातातील शस्त्र कोणते, हे विचारावे लागते. असे विचारता विचारताच विद्यार्थी गावाचा इतिहास शिकतो.

शाळांना तांब्याचे पत्रे आणि आम्ल यांच्या वाटेस जाण्याचे कारण नाही. ते काम धोक्याचे आहे. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरणीने कोरून ठसे काढण्याची पद्धत वरच्या वर्गांतील मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज जमते. कोरणी नेहमी हातापासून दूर चालवावी. जो भाग कोरून काढला, तो कागदावर पांढरा राहतो. जो उंच ठेवला, तो काळा उमटतो. रबरी रुळाने शाई लावावी, वर कागद ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने सर्व बाजूंनी एकसारखे घासावे. यंत्राची आवश्यकता पडत नाही. डावे-उजवे उलटते, एवढे मात्र प्रारंभीच मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. अक्षरे कोरताना ही चूक हमखास होते.

एका शाळेने एका वर्षात आपल्या शिवारातील बारा स्थळे निवडावीत. मुलांनी तेथे पायी जावे, स्थळावर बसून रेखाटन करावे, मोजमाप घ्यावे आणि वृद्ध मंडळींकडून माहिती ऐकावी. परत आल्यावर ठसे तयार करावेत. प्रत्येक ठशाखाली स्थळाचे नाव, रेखाटनाची तारीख, रेखाटन करणाऱ्याचे नाव, ठसा कोरणाऱ्याचे नाव आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव अशा पाच गोष्टी लिहाव्यात. एक संच शाळेत, एक गावच्या वाचनालयात आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावा. दहा वर्षांनी दुसऱ्या तुकडीने तीच बारा स्थळे पुन्हा काढावीत. दोन्ही संच शेजारी ठेवले की गावात काय टिकले आणि काय गेले, याचा हिशेब कोणालाही वाचता येईल. पंचायतीला एखादी वेस वा बारव दुरुस्त करावयाची झाल्यास मूळ रूप कसे होते, हेही त्यावरून पाहता येईल.

या पाच नोंदींपैकी नावांच्या नोंदी वगळू नयेत, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. डॅनियल काका-पुतण्यांची चिकाटी, त्यांची नेमकी नजर आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचे श्रम यांचा आदर राखूनही असे म्हणावे लागते, की त्यांच्या चित्रमालेमागील बहुसंख्य हात निनावी राहिले. पुण्याच्या गंगाराम तांबटांचे नाव पुन्हा लोकांपुढे यावयास जवळजवळ दोन शतके जावी लागली. आपल्या गावच्या बारवेचे चित्र जी मुलगी काढील, जो मुलगा ते कोरील आणि ज्या आजीबाई त्या बारवेची कहाणी सांगतील, त्यांची नावे पहिल्याच दिवशी कागदावर आली पाहिजेत. त्यासाठी एक ओळ पुरेशी आहे.